गप्प खोलीतली शिट्टी

३ फेब्रुवारी, सोमवार

परत तेच! डाव्या कानात कीऽऽऽ. थांबत नाही, दम खात नाही. परवा सर्दी समजून वाफ घेतली. काल मळ समजून तेल घातलं. काही उपयोग नाही.

आणि मी बसते कुठे? गप्प खोलीत! अख्ख्या पंख्यांच्या कारखान्यातली ही एकच शांत खोली. भिंतींना जाड स्पंज, दार लावलं की बाहेरचं काही आत येत नाही. एकेक पंखा समोर येतो, मी तो लावते, डोळे मिटते, ऐकते. बेअरिंग नीट असेल तर हिरवं स्टिकर, कुरकुरत असेल तर लाल. इतकी वर्षं हेच केलं. सगळे मला कानसेन म्हणतात. आज दार लावलं आणि पंखा लावायच्या आधीच शिट्टी सुरू! कुणाला बोलले नाही. बोलले तर खोली जाईल.

५ फेब्रुवारी, बुधवार

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तरुण आहेत, पण घाईत नव्हत्या. तपासून म्हणाल्या, "कान स्वच्छ आहे. आवाज आतलाच. गोळीने जाईल असं खोटं नाही सांगणार." मी म्हटलं, "मग काय, जन्मभर?" "कमी-जास्त होत राहील. सवयही होते. फक्त अगदी शांततेत बसू नका, बारीक काहीतरी आवाज चालू ठेवा."

शांततेत बसू नका! मला पगार मिळतो तो शांततेत बसायचाच.

ह्यांना सांगितलं. हे शाळेची बस चालवतात, पहाटे उठतात, म्हणून जेवण झालं की आडवे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपण बघू." आपण! कान माझा, हे काय बघणार?

८ फेब्रुवारी, शनिवार

अब्रू गेली! शिट्टीवाली किटली गॅसवर ठेवून कपड्यांच्या घड्या घालत बसले. शिट्टी वाजतेय, वाजतेय — म्हटलं आज कान जरा जास्तच चढलाय, लक्षच द्यायचं नाही. शेवटी शेजारीण दार बडवायला लागली. "अहो, घरात आहात ना? किटली केव्हाची बोंबलतेय!" पाणी आटलेलं, बूड काळंठिक्कर. ती गेल्यावर मला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, मग नुसतं पाणीच येत राहिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

व्हायचं तेच झालं. अख्ख्या ट्रॉलीला लाल! प्रत्येक पंख्यात मला तीच बारीक शिट्टी. सुपरवायझर आत आले. "बाई, सगळेच नापास?" दोन-चार उघडून बघितले — बेअरिंग लोण्यासारखी फिरत होती. मग मी सांगूनच टाकलं सगळं. वाटलं, आता ओरडतील. पण स्टूल ओढून बसले नि म्हणाले, "इतके दिवस एकट्याच सोसत होतात? या खोलीत बसून तो जास्तच वाजणार. उद्यापासून पॅकिंगला या."

पगार तोच. तरी बाथरूममध्ये जाऊन रडले. माझी खोली होती ती!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पॅकिंगमध्ये काय तो गोंगाट! टेप ओढल्याचा, खोकी आपटल्याचा आणि बायकांच्या तोंडांचा. दुपारपर्यंत शिट्टी कुठल्या कुठे. एकजण म्हणाली, "कानसेनबाई, इथे कान नको, तोंड चालवा!" चालवलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दिवसा ठीक, पण अंथरुणावर पडलं की घरात सामसूम — आणि आलीच ती. म्हणून काल सुपरवायझरांकडून लाल स्टिकरवाला एक टेबलफॅन मागून आणला. खर्र-खर्र-खट्! असल्यांना आजवर हाकलून दिलं, आता एकाला बगलेत मारून घरी आणलं. लावला आणि मेल्यासारखी झोपले!

ह्यांचीच धास्ती होती. या माणसाला घड्याळाची टिकटिक चालत नाही. लग्नात आलेलं माझं घड्याळ पहिल्याच आठवड्यात बाहेरच्या खोलीत गेलं, ते अजून तिथेच आहे. पण सकाळी म्हणतात काय, "मस्त आवाज आहे की! मला तर पाळण्यात घातल्यासारखी झोप लागली." माणूस म्हातारपणी सुधारतो म्हणायचं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज दुपारभर आठवलंच नाही! आत्ता लिहिताना आठवलं, आणि लगेच कीऽऽऽ. मेली या पानातच दबा धरून बसली होती वाटतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कटरने बोट कापलं. घरी येऊन औषधांच्या डब्यात कापूस बघते तर नुसता निळा कागद! परवाच तर अख्खं पुडकं आणलेलं. या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काल रात्री फार वाईट गेली. पंखा चालू असूनही कान नुसता किंचाळत होता. भीती वाटली, हे असंच वाढत गेलं तर? कुणीतरी नुसतं 'हूं' म्हणावं, एवढंच हवं होतं. "अहो" म्हटलं. परत म्हटलं. ढिम्म! पाठ करून घोरतायत. माझं रडगाणं ऐकून कंटाळले असतील. आपण बघू म्हणे!

सकाळी चहा आदळला पुढ्यात. "काय झालं?" "काही नाही." पिऊन गेले कामाला. चला, एक कळलं. हे मला एकटीलाच काढायचंय.

१ मार्च, शनिवार

उशांचे अभ्रे धुवायला काढले. ह्यांच्या अभ्र्यातून कापसाचे दोन बोळे खाली पडले. कानात बसतील एवढेच, दाबून दाबून घट्ट झालेले.

धुतलेला अभ्रा घातला आणि बोळे होते तिथेच परत ठेवले. मग दुकानात जाऊन कापसाचं मोठं पुडकं आणलं.