ड्रमच्या बाराशे चौतीस मांडण्या

बाबा, तुमचं उत्तर बरोबर होतं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मला हे गेल्या मंगळवारी कळलं.

रबाळ्याच्या केमिकल कंपनीत तुम्ही स्टोअर सांभाळायचात. तिथे जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांनी चौकोन आखलेले होते, आणि नियम असा की एका ड्रमच्या अगदी शेजारच्या किंवा पुढच्या-मागच्या चौकोनात दुसरा ड्रम ठेवायचा नाही, तिरका चालेल. बाकीच्यांनी नियम पाळला आणि विषय संपला. तुम्हाला प्रश्न पडला, अशा मांडण्या एकूण होतात किती? सगळे चौकोन रिकामे, हीसुद्धा एक मांडणी धरायची. एका चौकोनाच्या दोन. दोन बाय दोनच्या सात. तीन बाय तीनच्या त्रेसष्ट, त्यात तुमचे दोन रविवार गेले. चार बाय चारसाठी तुम्ही पुठ्ठ्याच्या आठ पट्ट्या कापल्यात, कारण चार चौकोनांची ओळ आठच प्रकारे भरता येते, आणि कुठल्या पट्टीखाली कुठली चालते ते एकेक लावून बघत बसलात.

कोपरखैरण्याचं आपलं स्वयंपाकघर. आई मेथी निवडतेय. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, तेही गणित घेऊन. तुम्ही वही पुढे करता.

"बघ गं जरा. बाराशे चौतीस येतंय."

"एक-दोन-तीन-चार? बाबा, हा काय एटीएमचा पिन आहे?"

आई हसते. तुम्हीही हसता. "मग किती येतं?"

"मी करून बघितलंय. तुमचं चुकलंय कुठेतरी. ही गणितं अशी हाताने मोजायची नसतात."

तुम्ही वही मिटलीत. पाच बाय पाचला तुम्ही कधी हात घातला नाहीत.

मंगळवारी ऐरोलीच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, शेजारी बसणाऱ्या मुलीने एक साइट दाखवली. ओळीने काही आकडे टाकले की ते कुठल्या मोजणीतून आले असतील ते ती सांगते. मी सहज दोन, सात, त्रेसष्ट टाकले. बऱ्याच याद्या आल्या. त्यातल्या एकीत ड्रमऐवजी शून्य आणि एक होते, नियम तुमचाच, आणि पुढचा आकडा बाराशे चौतीस. खात्रीसाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला. तेच आलं. पाच बाय पाचचे पंचावन्न हजार चारशे सत्तेचाळीस होतात. मग मी दुपारची मीटिंग केली आणि घरी आले. रडूबिडू काही आलं नाही.

काल आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं गं. नंतर दोनदा मोजलं त्यांनी, तेच आलं. मला म्हणाले, तिची परीक्षा आहे, उगाच टेन्शन नको द्यायला."

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, आईलाही नाही. माझी चूक झाली, एवढंच तिला माहीत आहे. मी त्या दिवशी काहीच करून बघितलं नव्हतं, बाबा. ते कसं करायचं हेच मला तेव्हा येत नव्हतं.