फाटकाबाहेर तीन तास

खराडी, पुणे
१० फेब्रुवारी २०२५

ती. हेमाआत्यास,
केयूरचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा पत्र. माझं अक्षर बघून हसू नकोस. ऑफिसात पेन मागितलं तर पोरं मी राजीनामा लिहितोय असं समजली.

रविवारी बाराला जेवायला येतो, असं कळवलं होतं. स्वतःच्या लग्नाची पत्रिका द्यायची म्हणून तुझी भाची वल्लरी साडेनऊलाच तयार होती. मी म्हटलं, खडकवासला काय, तासाभरात पोचू. अगं, सुट्टीच्या दिवशी अख्खं पुणं धरणावर कणसं खायला निघतं हे मी विसरलो. ऊन छान पडलं होतं आणि त्या उन्हात आमची स्कूटर एका जागी उभी होती. तुझ्या फाटकाशी पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

फाटकावर तुझी पाटी: दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, ओळखीच्यांनी तर मुळीच नाही.

वल्ली म्हणाली, वाजव. मी म्हटलं, खुळी आहेस का? नऊ वर्षांनी पहिल्यांदा येतोय, बाबांचं आणि आत्याचं भांडण मिटायच्या आधीच बाबा गेले, त्यात आता झोपमोड कशाला? ऑफिसात मी वीस माणसांवर हुकूम सोडतो, पण आत्याच्या बेलला बोट लावायची छाती झाली नाही. समोरच्या आंब्याखाली बसलो. तुझ्यासाठी आणलेली अर्धा किलो अंजीर बर्फी आम्हीच संपवली. पाऊण किलो म्हण, खोटं कशाला बोलू.

चारच्या ठोक्याला बेल वाजवली. पाचदा. तू दार उघडलं नाहीस. लग्नाची पहिली पत्रिका पेटीत टाकून जायची नसते, म्हणून ती तशीच परत आणली. वल्ली हेल्मेटच्या आत रडत आली. तिचं म्हणणं, आईबाबा नाहीत, त्यांच्या जागी मांडवात आत्या बसणार नसेल तर लग्न रजिस्टर करून मोकळी होते. आत्या, आम्ही तुला नकोच आहोत का? तसं असेल तर स्पष्ट लिही. मी तिला समजावेन.

काही चुकलं असेल तर कान धर, पण आम्हाला परकं करू नकोस.
तुझा,
केयूर


खडकवासला
१४ फेब्रुवारी २०२५

चि. केयूर,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाढवा, ती पाटी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्यांसाठी आहे! ओळखीच्यांचं लिहिलंय ते शेजारच्या चंपाबाईंसाठी. त्या भरदुपारी साखर मागायला येतात.

आता माझं ऐक. तुम्ही आलात ते मी खिडकीतून बघितलं. कानात यंत्र घालून, ताटं वाढून बसले होते. पुरण केलं होतं. तुम्ही झाडाखाली जाऊन बसलात. मला वाटलं, बापाचीच पोरं, दारापर्यंत येऊन अडलीत. म्हटलं, वाजवतील तर उघडीन, मी का म्हणून बाहेर जाऊ? चौसष्ट वर्षांची बाई अडीच तास पडद्याआडून तुमची बर्फी मोजत होते. शेवटी चिडून यंत्र काढलं, खुर्चीत बसले आणि झोप लागली. जाग आली तेव्हा आंब्याखाली नुसता खोका पडला होता. पुरणपोळ्या दोन दिवस चंपाबाईंनी खाल्ल्या.

तुमच्या बाबांशी मी याच अकलेनं वागले. भांडण कशावरून झालं ते विचारू नकोस, सांगायला लाज वाटेल इतकं क्षुल्लक होतं. दादा आजारी आहे हे मला कळलं होतं. तो बोलावील म्हणून महिनाभर साडी इस्त्री करून ठेवली होती. त्यानं बोलावलं नाही आणि मी गेले नाही. मग बोलावणारा कुणी उरलाच नाही. शेवटच्या दिवशी स्मशानात मागे उभी होते, तुम्हा दोघांजवळ यायचा धीर झाला नाही.

वल्लरीला सांग, रडू नकोस. पत्रिका घेऊन पुन्हा येऊ नका, तुमचा नेम नाही. बावीस तारखेला, शनिवारी, मीच रिक्षा करून येते आणि लग्न होईपर्यंत राहते. मांडवात बसेन. कुणी नाक मुरडलं तर माझं यंत्र काढलेलं असेल.

दादाला सांगायचं राहिलं ते तुला लिहिते: मला तुमची फार आठवण येत होती.

लोभ होताच, दाखवायला उशीर केला.
तुझी,
हेमाआत्या