चाफ्याचे डोहाळे

२ फेब्रुवारी
आलो एकदाचे नाशिकला! ललितला ओझरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि माझं मनमाड सुटलं. जन्मभर गाड्यांच्या आवाजात झोपले, त्यामुळे इथली शांतता खायला उठेल असं वाटलं होतं, पण नाही. मखमलाबादच्या पुढे, गुलाबाच्या मळ्यातच दोन खोल्या मिळाल्यात. घरमालकीण लंकामावशी फुलं विकतात, एकट्याच असतात. सामान उतरायच्या आधी त्यांनी माझं पोट बघितलं आणि काय खावंसं वाटतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, झोप. त्या हसल्या नाहीत. डोहाळे लपवू नयेत म्हणाल्या, मुलाची लाळ गळत राहते.
सहावा संपत आलाय. लेकरू उजव्या बाजूला दणादण लाथा मारतं. दोन पाठोपाठ, मग जरा दम खातं. बापावर गेलंय.

९ फेब्रुवारी
शाळेतून सुट्टीवर असले तरी जित्याची खोड! मराठीच्या बाई आज शब्दकोश काढून बसल्या. डोहाळे: मूळ संस्कृत दोहद. काही पंडित त्याचा अर्थ 'दोन हृदयं' असा लावतात. बाईच्या अंगात दोन जीव, म्हणून तोंड तिचं आणि भूक दुसऱ्याची. जुन्या काव्यात तर झाडांनाही डोहाळे लागतात. अशोकाला फुलायला म्हणे तरुण बाईची लाथ हवी. ललित म्हणाला, मी रोज खातो, मी कुठे फुलतो?
मावशींना हे सांगितलं तर त्या जुड्या बांधायच्या थांबल्या. अंगणातल्या सोनचाफ्याकडे बघून म्हणाल्या, "सुवर्णा गेली तवापासून फुलला नाय ह्यो." सुवर्णा त्यांची सून. डोहाळजेवणाच्या आधीच गेली. पोटातलं बाळ काढून या चाफ्याखाली पुरलं आणि मग तिला अग्नी दिला. मला रडू आलं. मावशी परत जुड्या बांधायला लागल्या.

१६ फेब्रुवारी
मला मातीचे डोहाळे लागलेत. मावशींनी चाफ्याला पाणी घातलं की ओल्या मातीच्या वासाने राहवत नाही. आज चिमूटभर खाल्ली. मग मूठभर. डॉक्टरीणबाई रागावल्या, गोळ्या दिल्या. आई फोनवर हसली. माझ्या वेळी ती पाटीवरची पेन्सिल खायची म्हणे.

२४ फेब्रुवारी
डोहाळजेवण झालं. मावशींनी चाफ्याला झोपाळा बांधला, गुलाबाचे दागिने केले. आईने ओटी भरली. मग मावशी मला बुंध्याशी घेऊन गेल्या. सुवर्णाची ओटी राहिली होती, तिच्या बाळाला तुझ्यातली थोडी घाल, म्हणाल्या. भरलेली ओटी कुणाला द्यायची नसते, एवढं मलाही कळतं. आई मागून नको नको म्हणत होती. पण मावशींचा चेहरा बघवेना. आणि द्यायचंच तर चिमूटभर कशाला? मी सगळा पदर मुळाशी रिकामा केला.
आई न जेवता मनमाडला परत गेली. मला तिचा राग आला.

१ मार्च
बाळ मंदावलंय. दवाखान्यात ठोके लागले, पण हळू. पडून राहा म्हणाले. मला भीती वाटते.
चाफ्याला कळ्या आल्यात.

५ मार्च
मावशी आता वाटी भरून माती आणून देतात. "खा पोरी, लय दिसांचा उपाशी हाय त्यो." मी बाळाबद्दल समजले. त्या झाडाकडे बघत होत्या.
मनमाडला जायचं ठरवलं. बॅग भरली. फाटकापाशी गेले आणि पोटात अशी भूक उठली की — परत आले. ललित ओरडत होता. माझं तोंड मातीने भरलेलं होतं, काय बोलणार.

८ मार्च
चाफा फुलला. वास घरभर. उशीतही.
दुपारी बुंध्याला टेकून बसले होते. पाठीला लाथ लागली. झाडाच्या आतून. पाठोपाठ दुसरी. मग दम खाल्ला.
ती लाथ मी ओळखते.

९ मार्च
ठोके नाहीत. दोनदा बघितलं. उद्या भरती व्हायचं आहे.
ललित रडला. मला रडू येईना. आपलं बाळ गेलं नाही, चाफ्यात आहे, मी सांगितलं त्याला. ओटी मीच ओतली ना — माझ्या हातांनी —
भरती व्हायच्या आधी तो झाड तोडणार म्हणतो.

१० मार्च
ललित कुऱ्हाड आणायला गेलाय. मावशी बुंध्याला तेल चोळतायत, न्हाऊ घालतात तसं.
माझं पोट गार आहे. भूक मात्र — थांबत नाही. सकाळी माती तोंडात घातली, बाहेर पडली. माती नको म्हणतंय. दुसरंच मागतंय.
दोन हृदयं. एक इथे, एक तिथे.
गाडीचा आवाज. ललित आला. कुऱ्हाड आहे त्याच्या हातात. घामाचा वास — इथवर येतोय — तोंडाला पाणी सुटलं —
लेकराचे डोहाळे राहू देऊ नयेत. सुवर्णाचे राहिले तर काय झालं, बघितलं ना —
मावशी दारात आल्यात. कोयता माझ्यापुढे धरून —
ललित हाक मारतोय. मी ओ दिली. तिकडेच थांब म्हटलं, चाफ्याखा