कोपऱ्यावरच्या दुकानाच्या मालकाविषयी

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (फरशी इतकी तापली आहे की आठांपैकी दोनच अंगं टेकवते आहे, तीही चपलांसकट. उरलेली सहा लेखी स्वीकारावीत.)

तुमचा गुडघा, मामींचं पित्त आणि दोन्ही गाड्या यांची तब्येत बरी असेल असं धरून चालते. आमच्याकडचं वर्तमान तितकंसं बरं नाही, पण ते क्रमानं सांगते. क्रम सोडला की माणसं रडायला लागतात आणि मुद्दा राहून जातो.

आमची वस्ती तुम्हाला पसंत नाही हे मला माहीत आहे. घर बघायला आलात तेव्हा गाडी हमरस्त्यावर ठेवून आत चालत यावं लागलं, म्हणून तुम्ही जिन्यातच म्हणालात, "आम्ही चालायचो ते गाडी नव्हती म्हणून. तुम्ही शिकूनसवरून चालता!" आई हसली होती. (तुमच्या विनोदांना ती नेहमीच हसते. घरात दुसऱ्या कुणाला ती सवय नाही.) तरी पुन्हा सांगते, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. नगररचना विभागात या वस्तीचा आराखडा माझ्याकडे होता. तत्त्व साधं होतं. घरं जवळजवळ आणि गल्ल्या अरुंद, म्हणजे एका इमारतीची सावली दुसरीवर पडावी. आणि प्रत्येक इमारतीच्या पोटात दुकानं, म्हणजे भाजी, औषध, डॉक्टर, शिंपी यांच्यासाठी कुणाला गाडी काढावी लागू नये. गाड्या कमी, धूर कमी, पुढच्या पिढीचे उन्हाळे थोडे सोसण्यासारखे. (पुढच्या पिढीचे उन्हाळे याच पिढीत येऊन बसतील, हे आराखड्यात धरलेलं नव्हतं.)

सावली जमली. दुकानंही बांधून झाली. पण ती घेतली अशा लोकांनी, ज्यांना दुकान चालवायचं नव्हतं. भाव वाढेपर्यंत कुलूप लावून ठेवायचं होतं. त्यामुळे आमच्याकडे कुठेही पाच मिनिटांत चालत पोचता येतं, आणि पोचलं की समोर शटर असतं. उघडं दुकान एकच, दलालाचं. तो बंद दुकानं विकतो. त्याचं बरं चाललं आहे. कोपऱ्यावरचं मोठं दुकान मी औषधांसाठी योजलं होतं. आमच्या तळमजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात, त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. त्यांनी ते भाड्यानं मागितलं, तर मालकानं दलालाकरवी निरोप धाडला की भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही. मालक इथे राहत नाही, एवढंच वस्तीला त्याच्याबद्दल ठाऊक आहे.

या उन्हाळ्यात वीज जाते-येते, बहुतेक वेळ जातेच. मंगळवारी आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. मी कामावर होते. रिक्षा बोलाव म्हणून तिला बजावलं होतं, पण "माझ्या मुलीनं आखलेल्या रस्त्यावरून मी रिक्षानं जाऊ?" असं म्हणून ती पायीच निघाली. सोबतीला आमच्याच मजल्यावरचे मास्तर. (ते शाळेत चित्रकला शिकवायचे. आमची इमारत डावीकडे झुकली आहे, असं मला रोज सांगायचे. ती झुकलेली नाही.) औषधाचं दुकान हमरस्त्यापलीकडे. गल्लीत सावली होती. हमरस्त्यावर नव्हती, कारण हमरस्ता माझ्याकडे नव्हता. परतताना आई त्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर टेकली आणि तिथेच कलंडली.

रुग्णवाहिका अडकली. वीज नाही म्हणून अर्धं शहर गाड्या सुरू करून, काचा वर करून, गारव्याला आत बसलं होतं. (गाड्या शहर तापवत होत्या आणि माणसं त्या तापलेल्या शहरापासून गाड्यांत लपली होती. हे मी अहवालात लिहिलं असतं तर 'अतिशयोक्ती टाळावी' असा शेरा आला असता.) मास्तर त्या उन्हात, त्या वयात, सिस्टरना बोलवायला धावले. सिस्टर आल्या, आईची नाडी पाहिली, शटरकडे पाहिलं, आणि शेजारच्या बांधकामावरून घण मागवला. कुलूप त्यांनी स्वतः फोडलं. मास्तर पायरीवर बसून धापा टाकत सांगत होते, "सिस्टर, जरा डावीकडून मारा, वाकडं पडतंय." आईला आत आडवं करून सिस्टर बाहेर आल्या, तेव्हा मास्तर पायरीवर तसेच बसलेले होते. सूचना मात्र थांबल्या होत्या.

दुकान गार आहे. जाड भिंती, उत्तरेला तोंड, समोरच्या इमारतीची दिवसभर सावली. माझं गणित बरोबर होतं, याची खात्री मला कामावरून आल्यावर, आत आणून चादर पांघरलेल्या मास्तरांच्या शेजारी उभं राहून झाली.

आई तेव्हापासून तिथेच आहे. आमचं घर वरच्या मजल्यावर, छताखाली. तिथे सध्या भट्टी आहे. वस्तीतले बाकीचे म्हातारेही आता सतरंज्या घेऊन दुकानात येतात. पंख्याखालच्या जागेवरून भांडतात. पंखा अजून नाही, पण जागा आतापासून धरलेली बरी, असं त्यांचं मत आहे. दलालानं मालकाला फोन केला. मालकाचं उत्तर आलं की घुसखोरांना उद्या सकाळपर्यंत हाकल, नाहीतर मी पोलीस घेऊन येतो. सिस्टर म्हणतात, आईला आत्ता वर न्यायचं तर तिचा जिना पुरा होणार नाही. सिस्टर सहसा असं बोलत नाहीत.

असं आहे. मामींना नमस्कार सांगा, उन्हात हिंडू नका.

तुमची भाची

ता. क. हे पत्र दलालाच्या हाती पाठवते आहे, कारण तुम्ही माझा फोन उचलत नाही. त्याला तुमचा पत्ता सांगावा लागला नाही.

आणखी एक. दुकानाची विजेची आणि पाण्याची जोडणी बंद आहे. ती मालकालाच, म्हणजे तुम्हालाच, सुरू करून घेता येते. आज घ्या. काम एवढंच होतं. बाकीचं पत्र वाचलं नसतंत तरी चाललं असतं.

आणि शेवटचं. ते दुकान कधीच विकून टाकलं, असं तुम्ही आईला सांगितलं होतंत. तिनं ते खरं मानलं आहे. शुद्धीवर आल्यापासून ती म्हणते, ज्याची कुणाची ही जागा आहे त्याचं भलं होवो, एकदा भेटून त्याचे आभार मानायचे आहेत. मी नाव सांगितलेलं नाही. तो सकाळी येणार आहे, एवढंच सांगितलं आहे.