लाल रिबीन

बाबा, तुमच्या नातीचा तपास आता बंद झाल्यातच जमा आहे. ती तुम्ही पाहिलीच नाही. तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी झाली, आणि सहा वर्षांची असताना नेपाळात, लुंबिनीला हरवली. त्यालाही आता पाच वर्षं होतील. कागद इथून दिल्लीला जातात, दिल्लीहून काठमांडूला, आणि दर वेळी उत्तर एकच येतं: शोध चालू आहे. तुम्ही हवालदार होता, त्या वाक्याचा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको.

तो दसरा तुम्हाला आठवत असेल. दीक्षाभूमीवर मी आईचं पांढरं लुगडं समजून भलत्याच बाईमागे निघून गेले होते. दोन तासांनी मंडपात सापडले तेव्हा तुम्ही आधी एक थापड दिली. "काऊन वं, लुगडं पाहून चालली काय? तोंड नाही पाहाचं?" मग तिथल्याच दुकानातून लाल रिबीन घेतली आणि माझ्या वेणीला बांधली. "हे सोडाचं नाही. हजार पांढऱ्यांत मले तू दिसली पायजे." दहावीपर्यंत गर्दीत जाताना ती बांधावी लागायची. मैत्रिणी हसायच्या आणि मी तुमच्यावर चिडायची. पण माझी पोरगी चालायला लागली तशी मीही तिच्यासाठी लाल रिबीनच आणली.

ती हरवली त्या वर्षी सुट्टीत आम्ही तिघं गोरेगावातल्या लोकांबरोबर ट्रॅव्हल्सने लुंबिनीला गेलो होतो. बुद्धपौर्णिमेची सकाळ. सगळे पांढऱ्यात, पोरगीही पांढऱ्या फ्रॉकमध्ये. मी तिची वेणी घालते आहे, बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतो आहे, तुमचे जावई केव्हाच गाडीत जाऊन बसले आहेत. "आई, रिबीन राहिली ना वं," ती म्हणते. "उतरल्यावर बांधू," म्हणत मी रिबीन पर्समध्ये टाकते. उतरल्यावर विसरले. मंदिराशी चपला काढायला वाकले, तेवढ्यापुरता तिचा हात सोडला, आणि वर पाहिलं तर जिकडेतिकडे पांढऱ्या साड्याच साड्या.

चौकीतल्या साहेबांनी हिंदीत विचारलं, "कोई पहचान?" मी म्हणाले, "बालों में लाल रिबन." तोंडातून निघूनच गेलं. जावयांनीही मान डोलावली, कारण एरवी ती असायचीच. तुम्ही जेवताना आईला सांगायचे, "लेकरू हरवलेले मायबाप पयल्या तासात खोटं बोलतेत. बदमाश म्हणून नाही, लाजेनं. तेवढं काढून घेतलं का अर्धा तपास झाला." हे मला तिथंच आठवलं होतं, बाबा. तुमची पोरगी असून मी रिबीन बांधली नाही, हे त्या सगळ्यांपुढे सांगायची लाज वाटली. संध्याकाळी त्यांनी कॅमेऱ्याची चित्रं दाखवली. एका पांढऱ्या साडीमागे एक पाठमोरी पोरगी फाटकाबाहेर जाताना दिसली. "रिबन नहीं है," साहेब म्हणाले आणि पुढचं चित्र लावलं. ती आपलीच होती का, मला खात्रीनं सांगता येत नाही. पण "थांबा" असं मी साहेबांना म्हटलं नाही. जावई शेजारीच बसले होते.

सुरुवातीला कुठं लाल रिबीनवाली मुलगी दिसली की ते साहेब फोटो पाठवायचे. एकही आपली नव्हती. माणूस भला आहे, अजून वर्षातून एकदोनदा फोन करतो. "और कुछ याद आया, बहनजी?" एवढंच विचारतो आणि मी नाही म्हणते. जावयांनी परवा नवी पत्रकं छापून आणली, त्यातही रिबीन आहेच. ती पत्रकं मीच घडी घालून पाकिटांत भरली.

हे पत्र खरं तर त्या साहेबांना लिहायला हवं. त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही मला उलटून काही विचारणार नाही.