उल्लेख आढळला नाही

३ मार्च, सोमवार

पेटीत आज चार चिठ्ठ्या. एकाला जुन्या पुलाचा नकाशा हवाय, एकीला मधमाश्यांवर काहीतरी, एकाला शेजाऱ्याच्या झाडाची आपल्याकडे आलेली फांदी कापता येते का ते. चौथी मात्र वेगळी. ‘जागं राहायची गोळी मित्र देतो. लक्ष लागत नाही म्हणून डॉक्टरसुद्धा तीच देतात असं ऐकलं. मग ती वाईट कशी? खरी माहिती द्या.’

क्रमांक एकतीस. नाव नाही. आमच्या वाचनालयात नाव विचारतच नाहीत – चिठ्ठीला नंबर, उत्तर त्या नंबरच्या खणात, आणि ते कोण नेतं तिकडे आम्ही बघायचं नाही. संदर्भ विभागाला ही शिस्त मीच लावली. ग्रंथपाल, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, त्यावरून अजून टोमणे मारतात.

परीक्षा तोंडावर आल्यात. कुठलं तरी पोरगंच असणार! पानभर खरमरीत लिहून खणात ठेवलं – आयुष्याची माती होईल, आईबापांचा विचार कर, वगैरे.

५ मार्च

उत्तर परत! माझ्याच कागदाच्या पाठीवर लिहिलंय – ‘मी माहिती मागितली होती. उपदेशाला घरी माणसं आहेत.’ आणि खाली: ‘ही गोळी घेण्याआधी हृदयाची तपासणी लागते का?’

नाक कापलं माझं. पण बरोबर आहे त्याचं. सतरा वर्षं या टेबलावर बसून एवढं कळू नये?

६ मार्च

सकाळपासून शोधाशोध. संगणकावर पहिलं पान उघडलं ते गोळ्या विकणाऱ्याचं. दुसरं नुसतं घाबरवणारं – ना लिहिणाऱ्याचा पत्ता, ना तारीख. तिसरीकडे कुणी ‘वाघोबा’ छातीठोकपणे सांगतो, मी वर्षभर घेतोय, मला काही झालं नाही. वा! वाघोबाला झालं नाही म्हणजे जगाला होणार नाही!

शेवटी आपला जाडजूड औषधकोश काढला आणि स्वच्छ, साधं लिहिलं. हे औषध आहे, ज्याला दिलं त्याला बघून दिलेलं असतं. मित्राच्या हातातली गोळी नक्की कसली, हे मित्रालाही ठाऊक नसतं. थकवा जात नाही, फक्त कळेनासा होतो. हृदयाच्या तपासणीपुढे आमचं ठरलेलं वाक्य – ‘उल्लेख आढळला नाही.’

दुपारी खण रिकामा. बरं वाटलं.

९ मार्च, रविवार

हे पहाटे फेरीवरून आले. मालाचा ट्रक, एक दिवसाआड लांबची खेप. चहा पिता पिता चिडवायला लागले – “काय म्हणतात तुझी पेटीतली माणसं?” मी एकतिसाव्याचं सांगितलं, माझी कशी जिरवली तेही. हसले नाहीत. म्हणाले, “अगं, विचारतोय म्हणजे ऐकायची तयारी असेल. रागावून पळवू नकोस.”

हा माणूस कधी कधी फार शहाण्यासारखं बोलतो. रोज घरी असता तर बोलला असता का, कोण जाणे.

११ मार्च

मेले मी!

औषधकोश कपाटात ठेवताना सहज पहिलं पान उलटलं. आवृत्ती सव्वीस वर्षांपूर्वीची! नवी प्रत बांधणीला गेलीय आणि फळीवर भगदाड दिसू नये म्हणून तळघरातली जुनी तिथे कुणी ठेवली? मीच. फळी नीटनेटकी दिसायला हवी ना माझी!

तशीच दवाखान्यात गेले. तिथल्या फार्मासिस्ट बाई म्हणाल्या, “अहो, आधी रक्तदाब बघतात, नाडी बघतात, घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का विचारतात. शंका आली तर ईसीजी. हे न करता कुणी लिहून देत नाही.”

आणि मी काय लिहिलं? उल्लेख नाही. वाचणारा काय समजणार – तपासणीची गरज नाही! त्याला गाठायचं कसं? नाव नाही, पत्ता नाही. माझीच शिस्त माझ्या गळ्यात.

१२ मार्च

मोठ्या बाईंशी वाद. मला फलकावर ‘क्रमांक एकतीस’ लावायचं होतं. “अजिबात नाही. लोक खणावर डोळा ठेवून बसतील. उद्यापासून एक चिठ्ठी पडायची नाही पेटीत.” चरफडले, पण त्यांचंही चूक नाही.

मग तोडगा निघाला. नंबर न देता नवं उत्तर लिहिलं, पाच प्रती काढल्या, दाराजवळच्या ट्रेमध्ये ठेवल्या. वर पाटी – ‘जागं राहण्याच्या गोळ्यांबद्दल आधी दिलेलं उत्तर अपुरं होतं. चूक माझी. कृपया ही प्रत न्या.’ आत तपासणीचं सगळं. शिवाय छातीत दुखलं, धडधड थांबेना, चक्कर आली तर सरळ दवाखाना, आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. रोजची सवय असेल तर बंद कशी करायची तेही त्यांनाच विचारा. ते ओरडायला बसलेले नाहीत.

हे शेवटचं वाक्य मोठ्या बाईंनी घालायला लावलं. कमाल आहे!

१३ मार्च

पाचही प्रती गेल्या. मला तर एकच माणूस हवा होता!

१४ मार्च

दहा ठेवल्या. दुपारपर्यंत तीन उरल्या. फार्मासिस्ट बाईंना फोन केला तर म्हणतात, “पोरंच घेतात असं कुणी सांगितलं तुम्हाला? माझ्याकडे विचारायला येतात ती चांगली संसारी माणसं.”

एकतिसाव्याला मिळाली का? फळीवरच्या त्या जाड पुस्तकाकडे बघवत नाही. आज ते तळघरात टाकून आले. आता तिथे भगदाड आहे, असू दे.

१७ मार्च, सोमवार

सकाळी धुण्याआधी यांच्या शर्टाचे खिसे चाचपले. माझी प्रत निघाली, चार घड्या घातलेली. धडधडीच्या ओळीखाली पेन्सिलची रेघ.

“चिठ्ठी माझीच होती गं. अक्षर ट्रकवरच्या जोडीदाराचं. दोन महिने घेतोय.” मग म्हणाले, “तुझ्यासमोर बसून विचारायचा धीर होईना.”

रागावले नाही. तशीच यांना घेऊन निघाले. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. ईसीजीच्या खोलीचं दार बंद आहे, हे आत आहेत.