आम्ही नसू तेव्हा उलटून पाहा

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, शिक्षण दुसरीपर्यंत आणि तीही अर्धी, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, कोणी न सांगता आणि मजेत लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "जखम बघून सांगते, नाहीतर सोमवार." त्यांना हसू आवरेना. तशाच हसत त्यांनी सही केली.

हे माझं दुसरं मृत्युपत्र. पहिलं रद्द समजावं. ते का रद्द केलं हे लिहायची कायद्याला गरज नाही, असं वकीलबाई म्हणतात. कायद्याला नसेल, मला आहे.

आमचे हे छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळा म्हणजे शिशाचं अक्षर. ते आरशातल्यासारखं उलटं असतं, आणि जुळवलेली ओळही उलटीकडून वाचावी लागते. शाळेतलं मी विसरून गेले होते. लग्नानंतर यांनी घरी आणलेल्या झिजक्या खिळ्यांवर मला पुन्हा वाचायला शिकवलं, त्यामुळे मला उलटं आधी आलं आणि सुलटं मागाहून. त्यांच्या साप्ताहिकात गूढ शब्दकोडं यायला लागलं तेव्हा या खोडीचं सोनं झालं.

या कोड्यात सरळ काही विचारतच नाहीत. "रस उलटला आणि गळ्यात पडला, दोन अक्षरी." वाचणारा म्हणतो, अरेरे, कपडे खराब झाले असतील. अरे बाबा, कपडे सोड, अक्षरं धर. रस उलटा वाच. सर! मोत्यांचा, गळ्यातला. रस सांडलाच नव्हता! हे मला पहिल्यांदा सुटलं तेव्हा चुलीवरचं दूध तसंच टाकून मी छापखान्यात धावत गेले आणि सगळ्यांसमोर यांना ओरडून सांगितलं. दूध उतू गेलं. मला अजून त्याचं काही वाटत नाही.

आता कलमं.

कलम एक. यांचा चिमटा, जुळणीची पट्टी आणि खिळ्यांची पेटी थोरल्याच्या मुलीला. पेटीत "ळ" नाही, शोधत बसू नये. तो तिच्या बापाने तिसऱ्या वर्षी गिळला होता. दुसऱ्या दिवशी मिळाला, पण यांनी तो पेटीत परत घ्यायला साफ नकार दिला.

कलम दोन. शेजारच्या मास्तरांना त्यांचा शब्दकोश. होय, त्यांचाच. अकरा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी आणला होता. मास्तर एकदा चारचौघांत म्हणाले होते, "ज्यांना ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, त्यांनी कोड्यांच्या वाटेला जाऊ नये." पुढच्याच आठवड्यात कोड्यात आलं, "डोळा, उलटा केला तरी डोळाच, तीन अक्षरी." मास्तर तीन दिवस अडले. शेवटी भिंतीपलीकडून आवाज आला, "अहो, ते डोळ्याचं सुटलं का?"

"नयन!" मी म्हटलं. "त्यात ऱ्हस्व-दीर्घ काहीच नाही ना मास्तर, म्हणून तुम्हाला अडलं असेल."

तेव्हापासून आमचं बरं आहे. शब्दकोशाच्या समासात मी पेन्सिलीने जे लिहिलंय ते त्यांनी खोडू नये. उपयोगी पडेल.

कलम तीन. बँकेतली शिल्लक सगळी थोरल्याला. पुढचं कलम वाचताना त्याने हे आठवावं.

कलम चार, घर. हे घर यांनी माझ्या नावावर केलं होतं. मला दोन मुलगे. धाकटा बारा वर्षांपूर्वी बोटीवर नोकरीला गेला आणि कुठल्याशा बंदरात दुसरं बिऱ्हाड करून बसला. त्याची बायको इथेच राहिली. पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन टाकून तिने स्वतःचं आणि माझं सगळं निभावलं. बदल्यात मुलगा गेला, पण आमचा तोटा झाला असं मी म्हणणार नाही.

गेल्या वर्षी वाटलं, जन्मभर दुसऱ्यांची कोडी सोडवली, एक आपणही घालावं. एक पाठकोरा कागद सापडला. त्यावर लिहिलं, "आम्ही नसू तेव्हा उलटून पाहा, घराची मालकी कोणाची ते दिसेल. दोन अक्षरी." खाली सही ठोकली आणि कागद बिस्किटांच्या डब्यात ठेवला. हेच माझं पहिलं मृत्युपत्र. दोन दिवस मी एकटीच हसत होते.

मग मी डोळ्याच्या ऑपरेशनला चार दिवस दवाखान्यात गेले. इकडे थोरल्याने विजेचं बिल शोधायला डब्यात हात घातला. कागद वाचला आणि उलटून पाहिला. कागद! मागे त्याचं तिसरीचं प्रगतिपुस्तक. वर टपोऱ्या अक्षरांत त्याचं नाव, आणि नाव नेमकं दोन अक्षरी. गणितात काठावर पास झालेल्या मुलाचं त्या दिवशी उत्तर बरोबर आलं, असं त्याला वाटलं. त्याने धाकट्या सुनेला सांगितलं, "हे बघ, आईच्या मनात काय आहे ते स्पष्ट आहे. ती माझ्याकडे राहील. घर विकायचंय, तू महिनाअखेरपर्यंत खोली बघ."

मी डोळ्याला पट्टी बांधून घरी आले. एका डोळ्याने बघते तर मशीन दोरीने करकचून बांधलेलं.

"हे काय गं?"

"काही नाही हो आई. तेल घालायला काढलंय."

"दोरीने?"

ती रडली नाही. चहा ठेवायला गेली. मी थोरल्याला बोलावून घेतलं. तो प्रगतिपुस्तकाची बाजू वर करून कागद नाचवतच आला आणि महिनाअखेरचं सगळं सांगून मोकळा झाला.

"अरे गाढवा, कागद नाही उलटायचा! 'नसू' उलटायचं. आम्ही न-सू. वाच उलटं."

त्याने बोटांवर मोजून वाचलं. "सू… न." मग खाली बसला. "आई, असं कोणी घर देतं का गं?"

"आणि असं कोणी घर सोडायला सांगतं का, महिनाअखेर? आधी ती दोरी सोड."

त्याने सोडली. गाठ सुटायला वेळ लागला, कारण बांधलीही त्यानेच होती. मी सुनेकडे वळले. "आणि तुला गं? बारा वर्षं माझ्या शेजारी बसून कोडी ऐकतेस, एवढं कळलं नाही?"

ती कप पुसत म्हणाली, "कळलं होतं. तुम्ही लिहिलंत त्याच संध्याकाळी. बिस्किटं भरताना वाचलं."

"मग बोलली का नाहीस?"

"उत्तर मीच होते ना आई. मी कसं सांगायचं?"

म्हणून आता कोडं न घालता लिहिते. हे घर, पुढच्या-मागच्या खोल्यांसकट, माझ्यामागे माझ्या धाकट्या सुनेचं एकटीचं. तिला इथून उठवायचा हक्क कोणालाही नाही, धाकटा परत आला तर त्यालाही नाही. वकीलबाईंनी हे कलम तीनदा वाचलं आणि म्हणाल्या, "आजी, छान झालं, यातून दुसरा अर्थ निघतच नाही." मला जरा वाईटच वाटलं.

मृत्युपत्र करणारीची सही: (सही, सुलटी)

साक्षीदार, ज्यांना यातलं काहीही मिळत नाही:
१. डॉक्टरबाई (सही)
२. कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)

ठिकाण: पुढची खोली, मशीन चालू असताना
दिनांक: सतरा मार्च, सोमवार